काच कापण्याचें हत्यार

महोत्सवाच्या तयारींत देवळाची डागडुजी चालली असतां रंगीत खिडकीचे दोन तुकडे तडकलेले आढळले. ते बदलण्यासाठीं कोणतें हत्यार आणावें, असें आमच्या धर्मग्रामांतील तरुणांनीं आम्हांस विचारलें. बाजारांत त्याचे अनेक प्रकार मिळतात. म्हणून उत्तर देण्यापूर्वीं या हत्याराचा इतिहास सांगणें आम्हांस इष्ट वाटलें. कारण निवड कशी करावी, हें त्या इतिहासांतच दडलेलें आहे.

आपल्या कोंकणपट्टींत खिडकीची काच ही तशी अलीकडची वस्तु होय. शेजारच्या गोव्यांत जुन्या घरांच्या व देवळांच्या खिडक्यांत शिंपांच्या पातळ चकत्या लांकडी पट्ट्यांमध्यें बसवीत, व त्यांतून मंद प्रकाश येई. युरोपांत मात्र रंगीत काचेची कला बाराव्या शतकांतच भरास आली होती. त्या काळीं थिओफिलस नांवाच्या संन्यासी धर्मगुरूनें कलाकौशल्यावर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. काच कापण्याची त्याची रीत अशी: तापविलेलें लोखंड काचेच्या कडेस टेकवावें, चीर न पडल्यास ती जागा बोटानें थुंकी लावून ओली करावी, चीर पडली कीं लोखंड आंखलेल्या रेषेवरून हळूहळू न्यावें, म्हणजे चीर त्यामागोमाग येते. नंतर दोन्ही टोकांस वांकविलेल्या, वीतभर लांब लोखंडानें कडा कुरतडून तुकडा आकारास आणावा. एकेका खिडकीस असे शेंकडों तुकडे लागत!

सोळाव्या शतकापासून हिरकणी प्रचारांत आली. तापविलेल्या लोखंडाच्या मानानें तिचें काम पुष्कळच नेमकें होतें. परंतु ती ठराविक कोनांतच धरावी लागे. कोन चुकला तर काचेवर नुसता ओरखडा उठे. हिरकणीची नैसर्गिक, किंचित् गोलाकार धारच काचेंत खरी चीर पाडते, हें विल्यम वोलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८१६ सालीं दाखवून दिलें. मुंबईस कुलाब्याचें अफगाण चर्च १८५८ सालीं अभिषिक्त झालें, तो काळ हिरकणीचाच होता.

पुढें १८६९ सालीं मुंबईंत राजाबाई मनोऱ्याचा पाया घातला गेला, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत सॅम्युएल मॉन्स यानें पोलादी चाकीच्या हत्याराचें पेटंट घेतलें. ही चाकी स्वस्त होती आणि तिला हिरकणीसारखा कोन सांपडविण्याची कटकट नव्हती. त्यामुळें सामान्य कारागिराचें काम सोपें झालें. पोलादाहून कठीण अशा टंगस्टन कार्बाईडच्या चाक्या व दांडींतच तेल भरण्याची सोय, या सुधारणा विसाव्या शतकांतल्या होत.

आतां निवडीविषयीं. साध्या खिडकीच्या सरळ कांपांस पोलादी चाकी पुरते. परंतु रंगीत खिडकींत वळणें फार, आणि रत्नागिरीच्या खाऱ्या हवेंत पोलाद लवकर गंजतें. म्हणून कार्बाईडची लहान चाकी व तेलाची दांडी असलेलें हत्यार घ्यावें, हें आमचें मत आहे. ज्याचें मनगट लवकर दुखतें, त्यानें मुठीसारखी पकड असलेलें घ्यावें. ज्याला लेखणीसारखें धरणें सोयीचें, त्यानें सरळ दांडीचें. दुकानांत तें हातांत धरून पाहिल्याखेरीज मात्र घेऊं नये.

एक गोष्ट मात्र थिओफिलसापासून आजतागायत बदललेली नाहीं. हत्यार काच कापीत नाहीं. तें फक्त तिला वाट दाखवितें. चरा काचेच्या गुळगुळीत बाजूस, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकाच ओढींत काढावा. त्यावरून पुन्हां चाकी फिरवूं नये. दाब योग्य असेल तर बारीक, अखंड आवाज येतो. चरा पांढरा व भुकटीसारखा दिसला तर दाब अधिक झाला असें समजावें. मग विलंब न लावतां, दोन्ही हातांनीं, काच त्या रेषेवर मोडावी. डोळ्यांवर चष्मा असावाच.

आमच्या खिडकीसाठीं आणलेल्या रंगीत काचेचा जुन्या छटेशीं जुळणारा तुकडा मोठ्या प्रयासानें मिळाला आहे, आणि तो एकच आहे. तेव्हां तरुणांनो, हत्यार अवश्य आणा. पण प्रथम साध्या काचेच्या टाकाऊ तुकड्यांवर हात बसवा. हात बसल्याची खात्री झाल्यावरच त्या एका तुकड्यास चाकी लावूं.