सुट्टीचा दिवस कोण ठरवितो?

पंचांगातला सण केव्हा सुरू झाला, हे बहुधा कोणालाच नेमके सांगता येत नाही. सरकारी सुट्टीचे तसे नसते. ती कोणीतरी मागितलेली असते आणि कोणीतरी दिलेली असते. मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या मनात एकच हेतू असेल, असे मात्र नाही. निरनिराळ्या देशांतील कामगारांच्या सुट्टीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१ मे हा दिवस जगाला मिळाला तो अमेरिकेतून. रोजचे काम आठ तासांचेच असावे, या मागणीसाठी १ मे १८८६ रोजी तेथील लाखो कामगारांनी संप केला. चार तारखेच्या रात्री शिकागोच्या हेमार्केट भागात सभा संपत आली असता पोलिसांवर बाँब पडला. तो कोणी टाकला, हे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही आठ जणांना दोषी ठरविण्यात आले आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी त्यांपैकी चौघे फासावर गेले. पुढे तेथील कामगार संघाने आठ तासांच्या नव्या लढ्यासाठी १ मे १८९० ही तारीख धरली, आणि १८८९ साली पॅरिसला भरलेल्या समाजवादी परिषदेने तीच सर्व देशांसाठी स्वीकारली.

परंतु ज्या देशात हा दिवस जन्मला, त्या देशात त्या दिवशी सुट्टी नाही! न्यूयॉर्कच्या कामगारांनी ५ सप्टेंबर १८८२ रोजी एक मोठी मिरवणूक काढली होती. १८९४ साली पुलमन कंपनीचा संप चिघळून रेल्वे ठप्प होत असताना अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगारांची सुट्टी म्हणून मान्य केला. २८ जूनला त्यांनी कायद्यावर सही केली, आणि आठवडा उलटण्यापूर्वी त्याच संपावर लष्कर धाडले. सप्टेंबरची तारीखही कामगारांचीच, यात शंका नाही. पण दोन आठवणींपैकी मिरवणुकीची आठवण सरकारला सोयीची होती, फासाची नव्हती. १८८६ सालच्या त्या १ मे वर तर १९५८ साली कायद्याने ‘निष्ठादिन’ हे नाव चढले.

जर्मनीत याच्या उलट घडले, आणि ते अधिक भयंकर होते. तेथील कामगार कित्येक वर्षे १ मेची सुट्टी मागत होते. १९३३ साली ती हिटलरने दिली, तीही भरपगारी! बर्लिनमध्ये प्रचंड समारंभ झाला. दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या आणि पुढाऱ्यांना अटक झाली. सुट्टी पदरात पडली. ती मागणारे हात मात्र बांधले गेले.

आता आपल्या मुंबईकडे वळू. १८९० च्या त्याच वसंतात, युरोपात पहिला मे दिन पाळला जाण्याच्या आठवडाभर आधी, २४ एप्रिल रोजी गिरणी कामगारांची मोठी सभा भरली. तिचे पुढारी होते महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. सभेत स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्यांची मागणी आठ तासांची नव्हती. आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा, एवढीच होती. गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य केली. इंग्रजांच्या लेखी रविवार प्रार्थनेचा; आपल्याकडे तो खंडोबाचा वार; गिरणीतल्या माणसाला तो मिळाला लढून.

१९२३ साली मद्रासला सिंगारवेलू चेट्टियार यांनी भारतातील पहिला मे दिन साजरा केला. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेही १ मे रोजीच. त्यामुळे आपल्याकडे ही तारीख दोन आठवणी सांभाळते. रविवारला मात्र एकही नाही. तो दर आठवड्याला येतो, म्हणून जणू तो आकाशातून पडला, असे आपण मानतो. त्या दिवशी ना मिरवणूक निघते, ना झेंडा उभारला जातो. येत्या रविवारी उशिरापर्यंत निवांत पडून राहण्याचे सुख घेताना, हा दिवस कोणीतरी मागून घेतलेला आहे, एवढे आठवले तरी पुष्कळ झाले.