चाल चुकली

मी सातवीत असेन. रांजणगावात आमच्या आळीत हरिनाम सप्ताह बसला होता आणि पहाटेच्या काकड्याला आबा, म्हणजे माझे आजोबा, 'तीर्थ विठ्ठल' म्हणत होते. नामदेवांचा अभंग. शब्द तेच होते, पण चाल भलतीच. मला तो अभंग पाठ होता, कारण आमच्याकडे भीमसेन जोशींची कॅसेट होती आणि एकादशीच्या सकाळी ती हमखास लागायची. घरी येताना मी आबांना म्हणालो, "आबा, तुमची चाल चुकली."

ते हसले. "चुकली नाय रं. आमची हीच चाल हाय."

मला ते पटलं नाही. कॅसेटमध्ये होती ती खरी चाल.

पुढे पुण्यात इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर रात्री हेडफोन लावून मी याच अभंगाचं भीमसेनजींच्या मैफलीतलं रेकॉर्डिंग ऐकलं. कॅसेटमध्ये जिथे पुढची ओळ यायची, तिथे ती येईना. ते आधीच्याच ओळीवर परत परत येत होते, दर वेळी वेगळ्या वाटेने. मधेच एक आलाप, त्यातून निघालेली तान, कुणाची तरी दाद, कुणाचा तरी खोकला. शेवटी तर शब्दही सुटले आणि नुसता नामाचा गजर उरला. माझी पहिली प्रतिक्रिया तीच होती, जी सातवीत आबांना ऐकवली होती: यांची चाल चुकतेय.

खुद्द भीमसेन जोशी भीमसेन जोशींची चाल चुकत होते! इथे मात्र आपलंच काहीतरी चुकतंय, अशी शंका आली. एखादं गाणं आधी ज्या रूपात कानावर पडतं, ते आपल्यासाठी 'मूळ' होतं आणि बाकी सगळं त्यातला फरक ठरतं. गाण्याच्या इतिहासात हे नातं उलटं होतं. ते कसं फिरलं, ते समजून घ्यायला रेकॉर्डच्या सुरुवातीपर्यंत मागे जावं लागतं.

तीन मिनिटांची शिस्त

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ साली, कोलकात्यात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्रं घेऊन आला आणि गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालावं तसं गायचं, कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरणार आणि सुई मेणावर रेघ कोरणार. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आलं. आवाज सुधारला, वेळ मात्र तेवढाच राहिला. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू म्हणजे साधारण तीन मिनिटं.

मैफलीत एक राग तासभर चालायचा. नुसत्या षड्जाशी गवय्या पाच मिनिटं थांबायचा. तबकडीवर हे शक्य नव्हतं. मुखडा, थोडी बढत, दोन-चार ताना आणि सम. काही कलावंतांना हे अडचणीचं वाटलं. काहींनी त्यातून एक स्वतंत्र कलाच उभी केली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ त्यातले एक. त्यांची झिंझोटीतली ठुमरी तीन मिनिटांचीच आहे, पण ऐकताना काही राहून गेल्यासारखं वाटत नाही.

हीच तबकडी गदगमधल्या एका मुलाच्या कानावर पडली. असं गाणं शिकायचं, या ओढीने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो घर सोडून पळाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. गुरू शोधत तो उत्तरेकडे भटकला आणि शेवटी घराजवळच, कुंदगोळला, सवाई गंधर्वांकडे पोचला. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य. तासन्‌तासांच्या मैफलींसाठी ज्यांना आपण ओळखतो, त्या गायकाची सुरुवात तीन मिनिटांच्या रेकॉर्डपासून झाली. रेकॉर्डला कमी लेखण्याआधी एवढं लक्षात ठेवायला हवं.

दुसऱ्या टोकाला केसरबाई केरकर. मैफलीचं ध्वनिमुद्रण होऊ देण्याच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. त्यामुळे त्यांचं जे गाणं आपल्यापर्यंत पोचलं, त्यात मोठा वाटा तबकड्यांचा आहे. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून अंतराळात गेली. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. माणसांच्या गाण्याचा नमुना म्हणून जे आंतरतारकीय अवकाशात गेलंय, ते स्टुडिओतलं गाणं आहे. त्यांची अख्खी रंगलेली मैफल ज्यांनी ऐकली, त्यांच्याबरोबर ती गेली.

रेडिओ आणि एलपी

भीमसेनजींची पहिली ध्वनिमुद्रिका १९४२ साली एचएमव्हीने काढली. त्यात भक्तिगीतं होती. नंतर एलपी आली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली. आता राग मांडता येत होता, तरी घड्याळ डोक्यावर होतंच. शुद्ध कल्याण असो की मियाँ की तोडी, मैफलीत जे तासभर उलगडायचं ते एलपीच्या एका बाजूत बसवायचं म्हणजे काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे आधीच ठरवावं लागे. म्हणून एलपीवरचे भीमसेन जास्त आखीव वाटतात. मैफलीतले भीमसेन ठरवत ठरवत जातात.

अभंगांचा प्रवास त्याहून वेगळा. 'तीर्थ विठ्ठल'ला चाल दिली राम फाटकांनी, जे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर काम करत. म्हणजे मी ज्या चालीला 'मूळ' समजत होतो, ती एका माणसाने, अहिरभैरवाचा आधार घेऊन, विसाव्या शतकात बांधलेली होती. नामदेवांचा अभंग त्याआधी सहाशे वर्षं कुठल्या ना कुठल्या चालीत गायला जातच होता.

फाटकांचंच दुसरं उदाहरण घ्या. 'सखी मंद झाल्या तारका' हे सुधीर मोघ्यांचं गीत आकाशवाणीसाठी आधी भीमसेनजींनी गायलं. पुढे त्याची ध्वनिमुद्रिका निघाली सुधीर फडक्यांच्या आवाजात. आज कुणालाही विचारा, ते गाणं बाबूजींचं. दोन्ही आवाज थोर आहेत, तक्रार कशाचीच नाही. पण रेडिओवरून वाजलं ते हवेत विरलं आणि दुकानात मिळालं ते 'मूळ' झालं.

मग श्रीनिवास खळे. 'राजस सुकुमार' आणि 'सावळे सुंदर' या त्यांनी भीमसेनजींसाठी बांधलेल्या अभंगांत स्टुडिओची सगळी ताकद दिसते. वाद्यांचे तुकडे मोजून बसवलेले, ओळीनंतरची शांतताही ठरवलेली. एवढा प्रचंड आवाज खळे हळुवारपणे चालवतात आणि भीमसेनजी त्यांच्या चालीत स्वतःला बांधून घेतात. हे मैफलीत मिळत नाही. माझ्यासारख्या लाखो घरांत पांडुरंग पोचला तो याच कॅसेटींमधून.

टेपवर न मावणारं

सत्तरच्या दशकात भीमसेनजी 'संतवाणी'चे जाहीर कार्यक्रम करू लागले. स्टुडिओतला वाद्यमेळ तिथे नाही. तानपुरे, पेटी, तबला, पखवाज आणि टाळ. टाळ अनेक वर्षं माऊली टाकळकरांच्या हातात. अभंग तोच, पण आता पुढे माणसं बसलेली. समोरून दाद आली की ओळ पुन्हा येते. टाळाने उचल घेतली की लय चढते. ख्याल गाणारा माणूस अभंगाकडे वळला की तो रागाच्या वाटेने फिरून येतोच, आणि वारकरी परंपरेची जाण असली की शेवटी नामावर स्थिरावतो.

मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये दोषही भरपूर. भीमसेनजी गाताना सगळं अंग वापरत, मान आणि हात फिरत. त्यामुळे तोंड माइकपासून दूर-जवळ होतं आणि आवाज कमी-जास्त होतो. तार षड्जावर जुनी टेप फाटते. आमच्या भाषेत हे क्लिपिंग: आवाजाची लाट यंत्राच्या मर्यादेबाहेर गेली की तिचा माथा कापला जातो. तांत्रिकदृष्ट्या ती माहिती कायमची गेली. तरी त्या फाटलेल्या सुरावरून कळतं की तिथे मांडवात काय घडलं असेल.

शिवाय वेळ. गुरूंच्या निधनानंतर १९५३ साली भीमसेनजींनी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तो रात्र-रात्र चालायचा. लोक सतरंज्या आणि थर्मास घेऊन यायचे आणि पहाटेचे राग खरोखर पहाटे ऐकायचे. पुढे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर बंधनं आली आणि अख्ख्या रात्रीची बैठक संपली. मी ललत ऐकला तो कंपनीच्या बसमध्ये, रात्रपाळी करून परतताना. वेळ बरोबर होती, मांडव नव्हता.

हार्लेम स्क्वेअर

हा पेच फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या सोल संगीताची मुळं चर्चमधल्या भजनांत आहेत, आणि त्यातला एक मोठा आवाज सॅम कुक हा आधी 'सोल स्टिरर्स' या भजनी चमूतच गायचा. स्टुडिओतला सॅम कुक मऊ, नीटनेटका, कुणाच्याही दिवाणखान्यात चालेल असा. जानेवारी १९६३ मध्ये मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर तो गायला, ते कंपनीने मुद्रित केलं. तिथे त्याचा आवाज खरखरीत आहे, तो श्रोत्यांना हाक देतो, ते उलट ओरडतात. गाणी तीच, पण पुन्हा चर्चमध्ये गेलेली. कंपनीला ते फारच रांगडं वाटलं आणि ते पडून राहिलं. कुक १९६४ च्या डिसेंबरात गेला. ते रेकॉर्डिंग बाहेर आलं १९८५ साली.

बावीस वर्षं लोक अर्ध्या सॅम कुकला पूर्ण समजत होते. कुठलं रेकॉर्डिंग कपाटात राहतं आणि कुठलं दुकानात जातं, यावर आपला 'मूळ' गायक ठरतो.

आबांची चाल

आता गावात सप्ताहाला गेलो की एक गोष्ट खटकते. तरुण पोरं उत्तम गातात, पण सगळी कॅसेटसारखी. पेटीवाला स्टुडिओतले वाद्यांचे तुकडेसुद्धा हुबेहूब वाजवतो. ज्या भीमसेनजींनी मैफलीत स्वतःची रेकॉर्ड कधी तशीच्या तशी गायली नाही, त्यांची रेकॉर्ड आम्ही तशीच्या तशी गातो. गावागावाच्या, फडाफडाच्या वेगळ्या चाली होत्या, त्या म्हणणारी माणसं एकेक करून कमी होत चालली आहेत. यात कुणी वाईट वागलं नाही. आम्हाला फक्त वाटलं की त्यांची चाल चुकते.

सवाई गंधर्व महोत्सवाची एक प्रथा मला फार आवडते. इतके दिवस जिवंत गाणं झाल्यावर शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी तबकडी वाजवतात. आवाज खरखरतो, तीन मिनिटांत संपतो. पण ती ऐकणाऱ्यांच्या कानांत नुकतंच ऐकलेलं जिवंत गाणं असतं, म्हणून ती तबकडी कुणाची जागा घेत नाही. ती जागा दाखवते: हे सगळं इथून आलं.

माझ्या फोनमध्ये आज 'तीर्थ विठ्ठल'ची तीन रेकॉर्डिंग आहेत, एक स्टुडिओतलं आणि दोन मैफलींतली. आबांचं नाही. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. शेवटची काही वर्षं माझ्याकडे चांगला माइक असलेला फोन होता आणि ते दर एकादशीला गुणगुणायचे. गेल्या कार्तिकात काकड्याला मी त्यांची चाल आठवून म्हणायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच ओळीला मी राम फाटकांच्या चालीत घसरलो.

शेजारी आबांच्या बरोबरीचे एक टाळकरी बसले होते. त्यांनी टाळ थांबवला नाही. पुढची ओळ त्यांनी उचलली आणि आबांच्या चालीत म्हटली. मी त्यांच्या मागून म्हणत गेलो. फोन खिशातच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तो त्यांना विचारून वीणेजवळ ठेवला.