मांजराचें अन्न आणि हृदय

मांजर हा स्वभावतःच मांसाहारी प्राणी. टॉरिन नांवाचें द्रव्य शरीरांत पुरेसें निर्माण करण्याची शक्ति त्याला नाहीं. तें अन्नांतूनच मिळावें लागतें. अमेरिकेंत एके काळीं सहस्रावधि पाळीव मांजरें प्रतिवर्षीं हृदय निकामी होऊन मरत असत. औषध क्वचितच लागू पडे. १९८७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पॉल पायन व त्यांचे सहकारी यांनीं या विकाराचें एक प्रमुख कारण उघडकीस आणलें. विकतचें तयार अन्न खाणाऱ्या २१ रोगी मांजरांच्या रक्तांत टॉरिन कमी आढळलें. तें पोटांत दिल्यावर दुबळीं हृदयें सावरलीं. पुढें कारखानदारांनीं अन्नांतील टॉरिन वाढविलें. तोंवर पोट भरत होतें, पण पोषण होत नव्हतें. मुक्या जीवाला तक्रार करतां येत नाहीं. म्हणून वेष्टनावरील स्तुतीपेक्षां आंतील द्रव्यें पाहणें हें धन्याचें कर्तव्य होय.