लाट ओसरल्यावर 'हंगर गेम्स'

एखाद्या पुस्तकाची लाट असते ना, तेव्हा ते पुस्तक धड वाचताच येत नाही. आधी लोकांची मतं कानावर येतात, मग सिनेमा येतो, मग सिनेमावरचे विनोद. सुझान कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'चं तसंच झालं. पुस्तक २००८ चं, सिनेमा २०१२ चा. मधे २०११ मध्ये 'डायव्हर्जंट' आलं, आणि मग रांगच लागली. जुलमी राजवट, सोळा वर्षांची नायिका, प्रेमाचा त्रिकोण. २०१६ मध्ये 'डायव्हर्जंट'चा तिसरा सिनेमा पडला, पुढचा निघालाच नाही. कॉलिन्सबाईंची नवी पुस्तकं २०२० आणि २०२५ मध्ये आली.

यंदा वरकुट्याला आठ दिवस मुक्काम होता, तेव्हा भाचीच्या कपाटातलं हे पुस्तक सोबत नेलं. (घरच्यांना सांगायला नको, इतरांसाठी: वरकुटे म्हणजे पुणे जिल्हा, इंदापूर तालुका.) आणि तिथे वाचताना ही भविष्यकाळाची गोष्ट वाटेचना!

कथा थोडक्यात अशी. एक श्रीमंत राजधानी आणि तिला पोसणारे बारा जिल्हे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा, एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची आणि त्या चोवीस जणांनी एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायचं. सगळ्यांना आठवते ती ही मारामारी. मी मात्र अडलो चिठ्ठ्यांपाशी. घरात खायला नसेल तर मुलाने आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकायची. बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं धान्य आणि तेल, तेही जेमतेम. जादा चिठ्ठ्या पुढच्या वर्षी तशाच राहतात, वर नव्या चढतात. सोळाव्या वर्षी नायिकेच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत, तिच्या मित्राच्या बेचाळीस. म्हणजे चिठ्ठी सगळ्यांसाठी सारखी, पण भुकेल्याचं नाव जास्त वेळा!

आमच्या भागाला हा हिशेब नवा नाही. १८३० च्या सुमारास प्रिंगलसाहेबाने मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. तो झेपेना. इंदापुरात जमिनी पड राहिल्या, लोक गावं सोडून गेले. मग १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासूनच नवी, तीस वर्षांची, हलकी आकारणी सुरू केली. १८६७ मध्ये मुदत सरली आणि दर पुन्हा चढले, तेही आधी इथेच. त्याच सुमारास अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता. सारा रोखीत, रोख सावकाराकडे, आणि सावकाराकडे कागद. १२ मे १८७५ ला बाजाराच्या दिवशी शेजारच्या बारामती तालुक्यातल्या सुप्यात लोक उठले. त्या दंग्यांत लोकांचा खरा रोख होता कर्जरोख्यांवर. ते हिसकायचे आणि जाळायचे. आपल्या नावाच्या चिठ्ठ्याच म्हणा ना.

लगेच पुढच्या वर्षी १८७६ चा दुष्काळ. टेंपलसाहेबाने दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य (साडेचारशे ग्रॅम) आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. खडी फोडणाऱ्याला! १८७७ च्या जानेवारीत मुंबई इलाख्यात हजारो लोक कामं सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. उपाशी माणसांनी मिळणारं धान्य नाकारलं, हे कादंबरीत वाचलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती.

एक फरक मात्र मोठा आहे. कादंबरीला खलनायक लागतो, पांढरा गुलाब लावणारा राष्ट्राध्यक्ष लागतो. आमच्या गोष्टीत तसा कुणी नाही. गोल्डस्मिड, विंगेट तर भल्या हेतूने आलेले. साराबुक, रोखा, बाजारभाव आणि तराजू, एवढ्यावर काम भागलं.

पुढे १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला, उसाने बारामती-इंदापूरचं रूप पालटलं. पण पाणी काही सगळ्या गावांना सारखं मिळालं नाही. आज ऊस तोडायला बीडकडची माणसं येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि निघण्याआधी मुकादमाकडून घेतलेली 'उचल'. हंगामात ती फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. पोरं फडात, आईबापांच्या मागे. हे वाचून तुम्हालाही त्या चिठ्ठ्या आठवल्या असतील.

लाटेत हे पुस्तक वाचणारा प्रत्येक जण स्वतःला बाराव्या जिल्ह्यातला समजत होता. साहजिक आहे, नायिका तिथली. लाट ओसरल्यावर, उसाच्या गावात बसून वाचलं की दुसरा प्रश्न पडतो. दीडशे वर्षांपूर्वी आपण नक्की जिल्ह्यातले होतो. आज आपल्या चहात पडणाऱ्या साखरेचा हिशेब मांडला, तर आपण राजधानीच्या किती जवळ राहायला आलो आहोत?

भाचीला मी हेच विचारलं. ती म्हणाली, "मामा, तुम्ही फार उशिरा वाचलंत." असेल. पण सुप्याचे रोखे आठवत वाचायचं, तर घाई तरी कशाला करायची!