घणाचा घाव आणि होपकिन्सन पितापुत्र

खांदेश्वराच्या देवळाजवळच्या तळ्याकाठी बसण्याचा माझा जुना परिपाठ. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी जवळच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि नातवाला आकाशाकडे पाहण्याचे वेड लागले. एके दिवशी त्याने विचारले, "आजोबा, पक्षी तर मऊ असतो. मग तो आदळला की विमानाच्या यंत्राचे पाते कसे वाकते?"

मी घोटभर चहा घेतला, म्हणजे वेळ काढला. मग मला माझ्या लहानपणचा लोहार आठवला. चाकावर धाव चढवण्याआधी तो ती लाल करी आणि घण मारी. घण नुसता टेकवून दाबला तर काय होईल, असे मी विचारले होते. "दाबून काय होतंय? घाव पाहिजे घाव!" एवढेच तो म्हणाला. सावकाश दाब आणि झटक्याचा घाव यांना धातू वेगवेगळे उत्तर देतो, आणि तापला की उत्तर पुन्हा बदलतो, हे त्याच्या हातांना ठाऊक होते. ते आकड्यांत मांडायला मात्र विद्वानांना फार काळ लागला.

इंग्लंडात १८७२ साली जॉन होपकिन्सन या तरुण इंजिनियराने एक साधा प्रयोग केला. लांब लोखंडी तार उभी टांगली आणि तारेवरून घसरत येणारे वजन खालच्या टोकाच्या अडणीवर आदळू दिले. वजन जड, तर तार लवकर तुटणार, असे कोणीही म्हणेल. पण वजन किती यापेक्षा ते किती उंचीवरून पडले, म्हणजे किती वेगाने आदळले, यालाच महत्त्व निघाले. त्याहून चमत्कारिक म्हणजे तार कित्येकदा खाली न तुटता वर, टांगलेल्या जागेजवळ तुटे! धक्का तारेतून लाटेसारखा वर जातो, पक्क्या टोकाला आपटून परततो, आणि जाणारी व येणारी लाट तिथे एकमेकींत मिसळून ताण दुप्पट करतात.

त्याच दशकात फ्रान्समध्ये त्रेस्का या इंजिनियराने आणखी एक गोष्ट नोंदवली. प्लॅटिनमचा तापलेला गज घणाखाली घेताना त्यावर फुलीच्या आकाराच्या तेजस्वी रेषा उजळल्या. घाव इतका झटपट, की आत उपजलेल्या उष्णतेला पसरायला सवडच मिळाली नाही. दिवाळीच्या दिवसांत ही हकिकत वाचताना मला तर धातूत पणत्या लागल्यासारखे वाटते.

जॉन होपकिन्सनचे पुढचे आयुष्य मात्र वाचवत नाही. ऑगस्ट १८९८ मध्ये आल्प्स पर्वतात चढाई करताना तो, त्याचा एक मुलगा आणि दोन मुली एकाच दिवशी मृत्युमुखी पडल्या. मागे राहिलेला मुलगा बर्ट्रम वकिलीकडे वळला होता. ती सोडून त्याने वडिलांची विद्या हाती घेतली आणि १९०३ मध्ये केंब्रिजला प्राध्यापक झाला. १९१४ साली त्याने पोलादी दांड्याच्या एका टोकाशी स्फोट घडवून किंवा गोळी आदळवून दुसऱ्या टोकाला चिकटवलेला छोटा तुकडा किती जोराने उडतो ते मोजले. एका क्षणार्धाचा दाब असा पकडीत आला. पुढे ऑगस्ट १९१८ मध्ये विमान अपघातात तोही गेला. वीस वर्षांच्या अंतराने तोच महिना!

दांड्याचे आजचे रूप कोल्स्की याने १९४९ मध्ये दिले. एकाऐवजी दोन दांडे घ्यायचे, आणि मधे धातूची लहानशी चकती. पोलादात धक्का सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने धावतो. दोन्ही दांड्यांतल्या लाटा मोजल्या की चकतीवर किती जोर आला आणि ती किती चेपली ते कळते. चकतीभोवती भट्टी ठेवली की तापलेल्या धातूचीही परीक्षा होते. बहुतेक धातू झपाट्याच्या घावाला अधिक ताठरपणे तोंड देतात, आणि तापले की नरमतात. १९८३ मध्ये जॉन्सन आणि कुक यांनी ताण, वेग व तपमान हे तिन्ही एका सूत्रात बसवले. माझ्या लोहाराला ते दाखवले असते, तर तो हसला असता.

नातवाला मी सांगितले, "पक्षी मऊ खरा, पण वेग मऊ नसतो. इतक्या वेगात पाण्याचा थेंबही दगडासारखा लागतो." त्याला ते पटले असावे. कारण दुसऱ्याच दिवशी आकाशकंदिलाची तार खुंटीला बांधून तो तिच्यावर वजने सोडत बसला होता. तार तुटण्याआधी त्याच्या आजीने ती काढून घेतली.