निजामिया वेधशाळा आणि थंड श्वेत बटूंचा शोध

हैदराबाद संस्थानात निजामिया या आधुनिक वेधशाळेची मुहूर्तमेढ 1901 मध्ये रोवली गेली. नवाब जफर जंग या हौशी सरदाराने ग्रब बनावटीची 15 इंची दुर्बीण मागवून हैदराबादेतील फिसलबंडा येथे बसवली. 1907 मध्ये नवाबाचे निधन झाले. पुढच्या वर्षी निजाम सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली, नंतर ती बेगमपेठेत हलवली आणि 1919 मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या स्वाधीन केली.

1887 मध्ये पॅरिसला भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेत साऱ्या आकाशाचे छायाचित्रण करून ताऱ्यांची सूची करण्याचे ठरले होते. आकाशाचे पट्टे पाडून जगभरच्या वेधशाळांना वाटून दिले होते. त्यांपैकी दक्षिण क्रांती 17 ते 23 अंशांचा पट्टा हैदराबादने घेतला आणि पुढे उत्तर क्रांती 36 ते 39 अंशांचाही. संचालक रॉबर्ट पोकॉक आणि त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन यांच्या कारकिर्दीत 8 इंची छायाचित्रण दुर्बिणीने काचेच्या फलकांवर तारे टिपले गेले. फलकावरच्या प्रत्येक ठिपक्याचे स्थान सूक्ष्ममापकाने मोजायचे आणि आकडे वहीत उतरवायचे, असे ते चिकाटीचे काम होते. त्यातून सात लाखांहून अधिक ताऱ्यांची सूची बारा खंडांत प्रसिद्ध झाली.

पहिल्या पट्ट्याच्या उत्तर सीमेला लागूनच व्याध हा तारा आहे. त्याचा अंधुक जोडीदार 1862 मध्ये अमेरिकेत अल्वन क्लार्क यांना दिसला होता. 1915 मध्ये वॉल्टर अॅडम्स यांनी त्याचा वर्णपट घेतला, तेव्हा हा तारा चांगलाच तप्त असल्याचे आढळले. इतका तप्त असूनही तो अंधुक, म्हणजे त्याचा आकार फारच लहान असला पाहिजे. वस्तुमान सूर्याएवढे आणि आकार पृथ्वीएवढा, अशा ताऱ्यांना 1922 मध्ये विलेम लायटन यांनी श्वेत बटू हे नाव दिले. त्यांच्यातील द्रव्य गुरुत्वाकर्षणाला कसे तोंड देते, याचे उत्तर 1926 मध्ये राल्फ फाउलर यांनी इलेक्ट्रॉनांच्या पुंज-दाबातून दिले. या दाबालाही मर्यादा असून सूर्याच्या सुमारे 1.4 पट वस्तुमानापलीकडे श्वेत बटू टिकू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1930 च्या दशकात दाखवले.

श्वेत बटूच्या गाभ्यात इंधन जळत नाही. साठलेली उष्णता तेवढी बाहेर पडत राहते. 1952 मध्ये लिऑन मेस्टेल यांनी या निवण्याचे गणित मांडले. जितका तारा थंड, तितका तो जुना. त्यामुळे सर्वांत थंड श्वेत बटू सापडले, तर आकाशगंगेच्या तबकडीचे वय काढता येते. 1987 मध्ये डोनाल्ड विंगेट आणि सहकाऱ्यांनी अंधुक श्वेत बटूंची संख्या एका टप्प्यानंतर एकदम घटते, यावरून हे वय सुमारे 9 अब्ज वर्षे काढले.

मात्र असे तारे शोधणे अवघड असते. तेजावरून ते दूरच्या सामान्य ताऱ्यांत मिसळून जातात. वेगळे ओळखू येतात ते निजगतीमुळे, म्हणजे आकाशातल्या स्वतःच्या सरकण्यामुळे, कारण अंधुक असूनही दिसतात ते जवळचेच असतात आणि जवळचा तारा आकाशात लवकर सरकलेला दिसतो. काही वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन फलक आलटून पालटून पाहिले की असा तारा नजरेत भरतो. 1917 मध्ये एड्रियन व्हॅन मानेन यांना एकाकी श्वेत बटू याच रीतीने सापडला. 1997 मध्ये कृत्तिकांच्या दिशेला सापडलेला डब्ल्यूडी 0346+246 हाही निजगतीनेच ओळखला गेला. त्याचे पृष्ठीय तापमान 4,000 केल्विनहूनही कमी आहे.

इतक्या थंड ताऱ्यांचा रंगही फसवा असतो. निवता निवता तारा लाल व्हावा, ही साधी अपेक्षा. परंतु दाट वातावरणात हायड्रोजनचे रेणू परस्परांवर आदळून अवरक्त प्रकाश शोषून घेतात आणि तारा उलट निळसर दिसू लागतो. 1999 मध्ये एलएचएस 3250 या श्वेत बटूच्या वर्णपटात हा परिणाम आढळला. निवत जाताना ताऱ्याचा गाभाही गोठून स्फटिकरूप होतो. हे भाकीत 1960 च्या दशकातले. गाया उपग्रहाच्या मोजणीतून 2019 मध्ये त्याला पुष्टी मिळाली.

हैदराबादच्या फलकांवर साधारण अकराव्या-बाराव्या प्रतीपर्यंतचे तारे उमटत. अतिथंड श्वेत बटू त्याहून कितीतरी अंधुक असल्याने ते त्या सूचीत येणे शक्यच नव्हते. तिचे मोल दुसऱ्या कारणासाठी आहे. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टायको-2 सूचीने 25 लाख ताऱ्यांची निजगती काढण्यासाठी पॅरिसमध्ये ठरलेल्या त्या जागतिक मोहिमेतल्या जुन्या नोंदी वापरल्या आणि त्यांत हैदराबादचे पट्टेही होते. ताऱ्याची गती कळायची तर त्याची जुनी जागा आधी कोणीतरी नीट मोजून ठेवलेली असावी लागते. निजामिया वेधशाळेने हे काम अनेक दशके केले.