माचिस गेटवर ठेवा

नवतपा म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगावे लागते. वर्ध्याच्या माणसाला नाही. सूर्य रोहिणीत गेला की पुढचे नऊ दिवस, साधारण २५ मेपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, पारा पंचेचाळिशीच्या आसपास ठाण मांडून बसतो. कूलर गरम वारा फेकतो आणि भर दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. नवतपा चांगला तापला तर पाऊस चांगला, असा शेतकऱ्याचा हिशेब असतो. पुलगावच्या लष्करी डेपोचा हिशेब वेगळा आहे. तिथे जे साठवलेले असते, त्याला उष्णता मानवत नाही.

३१ मे २०१६ची ती रात्र नवतपातली होती. पण आधी डेपोविषयी सांगितले पाहिजे. त्या रात्रीच्या स्फोटाची बातमी येईपर्यंत उर्वरित महाराष्ट्राला पुलगाव नावाचे गाव आहे हेही धड ठाऊक नव्हते.

पुलगाव हे देवळी तालुक्यातले, वर्धा नदीकाठचे गाव. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गासाठी नदीवर पूल झाला आणि त्या पुलावरून गावाला नाव मिळाले. मग कापूस आला, गिरणी आली, आर्वीपर्यंत ३५ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी दारूगोळा साठवायला जागा शोधली, तेव्हा पुलगाव त्यांच्या नजरेत भरले. कारण उघड आहे. देशाचा मध्य, सर्व सीमांपासून लांब, विरळ वस्ती आणि दाराशी मुख्य रेल्वेमार्ग.

याच वर्षांत याच वर्धा जिल्ह्यात दुसरे काय चालले होते? १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला युद्धाविरुद्ध भाषण केले आणि ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. जुलै १९४२ मध्ये वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारतातून जावे असा ठराव केला. २०१६ नंतर ‘गांधींच्या जिल्ह्यात दारूगोळा’ अशा मथळ्याचे लेख भरपूर आले. त्यातला उपरोध मला फारसा पटला नाही. इंग्रजांना युद्धासाठी माल हवा होता आणि विनोबांना ते युद्ध नको होते. दोघेही एकाच गोष्टीला उत्तर देत होते.

इंग्रज गेले, डेपो राहिला. त्याचे अधिकृत नाव केंद्रीय दारूगोळा भांडार. गावात कोणी ते नाव घेत नाही. ‘डेपो’ म्हणतात, नाहीतर ‘कॅम्प’. सुमारे सात हजार एकरांचा पसारा आणि देशातला सर्वांत मोठा दारूगोळा साठा. गिरणीचे दिवस सरले, तरी कॅम्पातल्या पगारावर पुलगावची बाजारपेठ तगून राहिली. कॅम्पातली नोकरी लागली म्हणजे पोरगा मार्गी लागला, असे इथले आईबाप मानतात.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० नंतर, या डेपोच्या भोवती विदर्भात एक साखळीच तयार झाली. भंडाऱ्याला स्फोटक द्रव्य बनते, नागपूरच्या अंबाझरीला गोळ्यांची कवचे होतात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला ती भरली जातात. इथल्या आणि देशभरच्या कारखान्यांतून निघालेला माल पुलगावात येतो, शेडमध्ये विसावतो आणि मागणी आली की आघाडीजवळच्या डेपोंकडे रवाना होतो. १९९९ला कारगिलमध्ये तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे आणि रॉकेट डागले. त्यातला प्रत्येक नग आधी कुठल्या तरी शेडमध्ये कोणीतरी मोजलेला, तपासलेला आणि खांद्यावर उचलून गाडीत चढवलेला होता. त्या माणसाचा फोटो कुठे छापून येत नाही.

सैनिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. दारूगोळ्याच्या डेपोतल्या सैनिकाला बर्फ फारसा भेटत नाही. त्याला भेटते गवत. पावसाळ्यात हजारो एकरांवर ते माणसाच्या कमरेला लागते, दिवाळीनंतर पिवळे पडते आणि मार्चपर्यंत त्याचा कोळसा व्हायला फक्त एक ठिणगी हवी असते. म्हणून गवत कापणे, शेडभोवतीची पट्टी खरवडून मोकळी ठेवणे, आगपट्टे साफ करणे ही इथली वर्षभराची लढाई. कोणाला हे माळीकाम वाटेल. २८ एप्रिल २००० रोजी राजस्थानातल्या भरतपूरच्या डेपोला आग लागली, तेव्हा वाळलेल्या गवताने काय केले हे लष्कर विसरलेले नाही. शेकडो कोटींचा दारूगोळा त्या आगीत गेला.

दिवस गेटवर सुरू होतो. माचिस, बिडी, लायटर, मोबाईल तिथेच जमा करायचे. रोज येणारा असो की साहेब असो, खिसे तपासले जातात. वीस वर्षे रोज खिसे तपासून घेणे, आणि तेही कपाळावर आठी न घालता, ही शिस्त बाहेरच्याला कळायची नाही. आत लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून अवजारे पितळ-तांब्याची. शेडच्या कुलपाचे सील पाहायचे, आतले तापमान नोंदवायचे, पेट्यांची थप्पी तपासायची, विजेपासून वाचवणारी तार शाबूत आहे ना हे बघायचे. शेड एकमेकांपासून लांब, प्रत्येकीभोवती मातीचा उंच बांध. एक शेड उडाली तर तिचा धक्का वर आकाशात जावा आणि शेजारची वाचावी, एवढ्यासाठी तो बांध. म्हणजे ज्याने नकाशा काढला, त्याने एक शेड उडणार हे गृहीत धरूनच काढला. तिथे काम करणाऱ्यालाही हे माहीत असते.

इथे तीन प्रकारची माणसे राबतात, हे बाहेर कमी जणांना ठाऊक आहे. पहिले आयुध कोअरचे अधिकारी आणि जवान. ८ एप्रिल १७७५ हा आपला स्थापनादिन मानणारे हे दल. त्याचा जवान सिकंदराबादच्या केंद्रात घडतो. पहाटेची धाव, दोर चढणे, पाठीवर ओझे घेऊन कूच, निशाणेबाजी हे सगळे पायदळाच्या रंगरुटासारखेच, आणि ते संपले की पुढे दारूगोळ्याचा अभ्यास. कोणता गोळा कशाशेजारी ठेवायचा नाही, कोणत्या फ्यूजला धक्का चालत नाही, कोणत्या लॉटची मुदत सरली. चूक झाली तर दुरुस्तीची संधी मिळेलच असे नाही, म्हणून तेच ते पुन्हा पुन्हा घोकून घेतात.

दुसरे संरक्षण सुरक्षा दलाचे पहारेकरी. १९४७ मध्ये उभ्या राहिलेल्या या दलात बहुतेक जण माजी सैनिक असतात. एकदा वर्दी उतरवून घरी गेलेला, चाळिशीच्या आसपासचा माणूस पुन्हा भरती होतो, केरळमधल्या कन्नूरच्या केंद्रातून जातो आणि मचाणावर उभा राहतो. आयुष्यातला दुसरा पहारा. घरी मुलीचे लग्न ठरलेले, गुडघा कुरकुरायला लागलेला, आणि रात्री दोन वाजता तारेपलीकडच्या रानडुकराच्या सळसळीवर बॅटरी मारायची.

तिसरे डेपोच्या स्वतःच्या अग्निशमन दलातले कर्मचारी. यांच्या नावापुढे हुद्दा नसतो, छातीवर पदके नसतात. सायरन झाला की गाडीवर चढायचे, होज उलगडायचा, जोडणी करायची, पाणी सोडायचे. पाण्याचा फवारा सुटला की होज हातातून निसटू पाहतो, तो दोघांनी दाबून धरायचा. मग होज वाळवायचा, गुंडाळायचा आणि परत पहिल्यापासून. सराव हेच यांचे बहुतेक आयुष्य. खरी आग लागू नये म्हणून सगळे धडपडतात आणि ती लागली तर हे पुढे.

३१ मे २०१६च्या त्या रात्री एकच्या सुमारास एका शेडला आग लागली. आत रणगाडाविरोधी सुरुंग होते. अधिकारी आणि अग्निशमन दलाची माणसे धावून गेली, आग विझवण्याचे काम सुरू असताना मोठा स्फोट झाला. आगरगाव आणि आसपासच्या गावांतली माणसे अंधारात पोराबाळांना घेऊन घराबाहेर पळाली. लेफ्टनंट कर्नल आर. एस. पवार आणि मेजर के. मनोज हे दोन अधिकारी गेले. त्यांच्यासोबत गेलेले बहुतेक जण डेपोच्या अग्निशमन दलातले होते. पहिल्या दिवशीचा आकडा सोळा होता, पुढच्या दिवसांत तो वाढला. जखमींना सावंगीच्या रुग्णालयात आणले गेले. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आणि लष्करप्रमुख दलबीरसिंग सुहाग त्याच दिवशी पुलगावात पोहोचले.

आग शेजारच्या शेडपर्यंत गेली नाही. ती गेली असती तर पुलगाव आणि भोवतालच्या गावांचे काय झाले असते, याची कल्पना सात हजार एकर हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून ज्याची त्याने करावी. मातीच्या बांधांनी आपले काम केले. पण बांधांना कुटुंब नसते.

पुढे चौकशी झाली आणि बोट त्या सुरुंगांमधल्या टीएनटीकडे वळले. शुद्ध टीएनटी साधारण ८० अंशांना वितळतो, म्हणजे आमच्या उन्हाळ्यालाही तो पुरून उरतो. त्यात अशुद्ध घटक राहिले असतील तर मात्र मिश्रण बऱ्याच कमी तापमानाला मऊ पडते आणि गुळाच्या ढेपेला पाणी सुटावे तसा तेलकट द्रव बाहेर झिरपू लागतो. हा द्रव अतिशय धोकादायक. झिरपणारे सुरुंग थप्पीत पडून राहणे आणि बाहेर नवतपा असणे, हे दोन्ही एकत्र येऊ द्यायला नको होते. जवानाने गेटवर माचिस जमा केली होती, गवत कापले होते, सील तपासले होते. पेटीच्या आत काय भरले आहे, हे ठरवणे त्याच्या हातात नव्हते. २०१७ मध्ये कॅगच्या अहवालाने डेपोंमधल्या अग्निशमन मनुष्यबळाच्या तुटवड्याकडेही लक्ष वेधले. होज दोघांनी धरावा लागतो, हे वर लिहिलेच आहे.

संस्थेची वाटचाल लिहिताना इथे थांबायचा मोह होतो. श्रद्धांजली झाली, चौकशी झाली, पान उलटले. पण अडीच वर्षांनी आणखी एक पान आहे आणि ते फार कमी लोक वाचतात.

२० नोव्हेंबर २०१८ची सकाळ. डेपोजवळ, सोनेगाव आबाजीच्या बाजूला, जुना दारूगोळा नष्ट करण्याचे मैदान आहे. जबलपूरच्या खमरिया आयुध कारखान्यातून आलेला निकामी माल तिथे उतरवला जात होता. पेट्या उतरवणे, खड्डे खणणे, वाळूच्या गोण्या रचणे हे काम कंत्राटदाराच्या मजुरांचे. एका पेटीचा स्फोट झाला. सहा जण गेले. एक खमरियाचा कर्मचारी, बाकी बहुतेक भोवतालच्या खेड्यांतले मजूर. कापूस वेचणीच्या दिवसांतही, तिथे चार पैसे जास्त मिळतात म्हणून ते तिकडे गेले होते. स्फोटांनंतर मैदानात पडलेले पितळ-तांब्याचे तुकडे वेचून विकणारी माणसेही याच गावांतली. त्यांना तो धोका ठाऊक नव्हता असे नाही. घरात दुसरे काही नव्हते.

जवानासाठी सिकंदराबाद आहे, पहारेकऱ्यासाठी कन्नूर आहे, अग्निशमनवाल्यासाठी रोजची ड्रिल आहे. पेटी मात्र चौथ्याच माणसाच्या डोक्यावर होती आणि त्याच्यासाठी असे कुठलेच केंद्र नव्हते. त्याची गणना सैनिकांत होत नाही, शहिदांत तर नाहीच. देशासाठी बनलेला दारूगोळा हाताळताना तो मेला, एवढे तरी खरे आहे ना? मग पुलगावच्या डेपोची कहाणी सांगणाऱ्याने ३१ मे सांगितल्यावर २० नोव्हेंबरही सांगावा, आणि असले काम यापुढे रोजंदारीवर देऊ नये.

त्या सकाळी वर्ध्यात थंडी पडायला लागली होती. उन्हाचा काही संबंध नव्हता.